पंचावन्न पानं आणि एकच वाढपी: स्पेस इन्व्हेडर्समधला शेवटचा एलियन एवढा का पळतो

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता (किंवा शेजाऱ्यांकडे होता आणि त्यामुळे त्यांच्या पोराशी भांडायची सोय नव्हती) त्यांना त्या कॅसेट आठवत असतील, वर ठसठशीत लिहिलेलं ९९९९ इन वन आणि आत खरे गेम मोजून वीस-पंचवीस, बाकी सगळं तेच नाव बदलून परत परत. त्यात एक गेम हमखास असायचा, खाली आपलं छोटं विमान, वर किड्यांच्या रांगा, आणि बोट दुखेपर्यंत बटण दाबत बसायचं. आमच्या आळीत त्याला सगळे 'किडेवाला' म्हणायचे. तो गॅलेक्सियन होता हे मला नोकरी लागल्यावर कळलं, आणि गॅलेक्सियनचा बाप म्हणजे स्पेस इन्व्हेडर्स, १९७८ चा, जपानी, हे तर त्याहून उशिरा.

मागच्या महिन्यात भाचा आला होता, त्याला लॅपटॉपवर तो मूळ गेम लावून दिला. पहिली दोन मिनिटं तोंड वाकडं, कारण काळ्या स्क्रीनवर पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा एलियन, आणि सगळे इतक्या संथ चालतात की रेशनची लाईन बरी. पण एकेक मारत गेला तसे उरलेले जोर धरायला लागले, आणि शेवटचा एकटा उरला तो असा सुसाट सुटला की त्याच्या तीन-चार गोळ्या वाया गेल्या आणि तो एलियन खाली येऊन टेकला. "मामा, हा चीटिंग करतो!"

मी शहाणपणा करत म्हणालो, अरे गेम अवघड व्हावा म्हणून तसं मुद्दाम लिहिलंय. नंतर रात्री नीट वाचत बसलो तेव्हा कळलं की मी त्याला चुकीचं सांगितलं होतं. ते 'वेग वाढव' असं कुठे लिहिलेलंच नाही. आणि हीच त्या गेमची सगळ्यात भारी गोष्ट आहे, म्हणून हा लेख.

आधी थोडं कोण-कुठलं. टोमोहिरो निशिकाडो नावाचे इंजिनिअर, जन्म १९४४, टायटो कंपनीत कामाला. त्या काळी गेम म्हणजे प्रोग्रॅम नव्हता, सर्किट होतं. बॉल हलवायचा तर त्यासाठी चिपा जोडून वायरी सोल्डर करायच्या, नवा गेम म्हणजे नवा बोर्ड. निशिकाडोंनी असे बरेच केले होते. त्यातला वेस्टर्न गन नावाचा, दोन काउबॉय समोरासमोर गोळ्या झाडतात तो, अमेरिकेत मिडवे कंपनीने घेतला आणि तिथल्या लोकांनी त्यात मायक्रोप्रोसेसर टाकून तो गन फाइट म्हणून काढला. खेळ म्हणून निशिकाडोंना आपलाच बरा वाटला, पण ती मायक्रोप्रोसेसरची कल्पना मात्र डोक्यात बसली, की आता सर्किट नाही, कोड लिहायचा.

दुसरं म्हणजे अटारी या अमेरिकन गेम कंपनीचा ब्रेकआउट, १९७६ चा, विटा फोडायचा. निशिकाडोंना तो जाम आवडलेला, आणि त्याच्यावर मात करायची होती. स्पेस इन्व्हेडर्सकडे नीट बघितलंत तर आत ब्रेकआउट दिसतो, वर विटांच्या रांगा आहेत, खाली आपण डावी-उजवीकडे सरकतोय. फरक एवढाच की विटा चालतात, आणि उलट गोळ्या मारतात. हा 'एवढाच' फरक केवढा मोठा हे पुढे येईलच. आधी त्यांनी विमानं, रणगाडे असं काय काय करून बघितलं पण हालचाल नीट जमेना, माणसांवर गोळ्या झाडणं बरं दिसत नाही म्हणून ते बाद, तेवढ्यात स्टार वॉर्सचा बोलबाला सुरू झालेला, मग अंतराळ. आकार घेतले समुद्रातले, ऑक्टोपस, खेकडा आणि स्क्विड. खालच्या दोन रांगा ऑक्टोपस, दहा पॉइंट. मधल्या दोन खेकडे, वीस. वरची एक स्क्विड, तीस. म्हणजे अंतराळातून पृथ्वीवर चाल करून आलेली ही मंडळी बघितली तर मासळी बाजारातली. आणि हे सगळं, चित्रं, कोड, बोर्ड, आणि हे बनवायला लागणारी अवजारंसुद्धा, एका माणसाने साधारण वर्षभरात केलं.

आता मशीन. इंटेलचा ८०८० प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ. अख्खा प्रोग्रॅम ८ किलोबाइटमध्ये. तुमच्या फॅमिली ग्रुपवर सकाळी गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ येते ना, तो एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. कामाची मेमरी १ किलोबाइट आणि स्क्रीनसाठी ७. ते ७ कुठून आले तर स्क्रीनवर २५६ गुणिले २२४ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला एक बिट, पेटलेला नाहीतर विझलेला, आणि आठ बिटांचा एक बाइट, भागाकार करून बघा, बरोबर ७१६८ येतात. रंगाला जागाच नाही. मग जुन्या मशीनवर हिरवा-लाल दिसतो तो कसा, तर काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या, आपल्याकडे नाटकात दिव्यापुढे जिलेटिन लावतात तसं. मधेच वरून जाणारी जी उडती तबकडी असते ती वरच्या पट्टीखालून जाते म्हणून लाल दिसते, झालं.

हा प्रोसेसर इतका गरीब होता की एखादं चित्र आठ ठिपक्यांच्या चौकटीत नीट न बसता मधेच आलं तर ते सरकवायलाच त्याला धाप लागायची, म्हणून त्या एका कामासाठी बाजूला वेगळं सर्किट लावावं लागलं. स्क्रीन सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतो. म्हणजे प्रोसेसरला प्रत्येक फेरीत सेकंदाचा साठावा भाग मिळतो, आणि तेवढ्यात आपली तोफ हलवायची, आपली गोळी, त्यांच्या गोळ्या, कोण कोणाला लागलं ते तपासायचं, स्कोअर, आवाज, आणि वर ५५ एलियन! एवढं एका फेरीत होत नाही.

मग निशिकाडोंनी काय केलं, तर प्रत्येक फेरीत फक्त एक एलियन हलवला. एकच. पुढच्या फेरीत दुसरा. खालच्या रांगेत डावीकडून सुरुवात, रांग संपली की वरची.

आता आपल्या भाषेत सांगतो. लग्नाची पंगत आहे, ५५ पानं मांडलीत, आणि वाढपी एकच. त्याचा चालण्याचा वेग ठरलेला, प्रत्येक पानावर एक जिलबी टाकणार आणि पुढे जाणार. पंगत भरलेली असताना तुमच्या पानावर जिलबी एकदा पडली की परत तुमची पाळी यायला वेळ लागतो, तुम्ही आरामात मठ्ठा पिता. पण लोक उठायला लागले की तो रिकामी पानं सोडून सरळ पुढच्या बसलेल्या माणसाकडे जातो, आणि तुमची पाळी लवकर लवकर यायला लागते. शेवटी पंगतीत तुम्ही एकटेच उरलात की तो दुसरीकडे जाणार कुठे, तुमच्याच पानावर जिलबी, जिलबी, जिलबी, जिलबी. वाढपी तेवढाच आहे, त्याचा वेगही तोच आहे, तुमची मात्र दैना.

आकडे बघा. ५५ एलियन, सेकंदाला साठ फेऱ्या, म्हणजे अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद. अकरा मारलेत, ४४ उरले, फरक फार जाणवत नाही. दहा उरले की सेकंदाला सहा पावलं. दोन उरले की तीस. एक उरला की साठ! एका पावलात तो दोन ठिपके सरकतो. गंमत म्हणजे शेवटचा एकटा असताना उजवीकडे जाताना तीन ठिपके आणि डावीकडे येताना दोन, म्हणजे तो एका बाजूला जास्त जोरात पळतो, २२४ ठिपक्यांचा स्क्रीन सव्वा सेकंदात पार. भाच्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

खूप ठिकाणी असं वाचायला मिळतं की एलियन कमी झाले की प्रोसेसरवरचा लोड कमी होतो आणि तो फास्ट होतो. ऐकायला ठीक आहे पण नेमकं नाही. प्रोसेसर आहे त्याच वेगाने चालतो, एका फेरीत एकच एलियन हा नियमही शेवटपर्यंत तोच, फक्त पाळी लवकर येते. आणि खात्री करायची असेल तर सुरुवातीला भरलेल्या फौजेकडे टक लावून बघा, सगळे एकदम पाऊल टाकत नाहीत, खालून वर अशी एक लाट जाते, वारकऱ्यांच्या रांगेत टाळाचा ठेका मागेपर्यंत पोचत जातो तशी. ती लाट म्हणजे आपला वाढपी.

निशिकाडोंना हे काम करता करताच दिसलं होतं. त्यांना ते दुरुस्त करता आलं असतं, मधे थोडं थांबायला लावलं की वेग एकसारखा झाला असता. त्यांनी नाही केलं, कारण खेळून बघितल्यावर मजा तिथेच होती. खरं सांगायचं तर मला यातलं हेच सगळ्यात आवडतं, आमच्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात अशी गोष्ट दिसली की लगेच बगचं तिकीट काढतात आणि शुक्रवारपर्यंत मारून टाकतात.

वेगाच्या जोडीला आवाज. धुम, धुम, धुम, धुम, चार खर्जातले स्वर, एकाखाली एक उतरणारे, आणि परत पहिल्यापासून, दुसरं संगीत काही नाही. हा ठेका मात्र आपोआप वाढत नाही, त्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक तक्ता आहे, किती एलियन उरले की दोन ठोक्यांत किती अंतर. एलियन कमी तसं अंतर कमी. खेळणाऱ्याला वाटतं आपलीच छाती धडधडतेय. आवाज म्यूट करून खेळून बघा, अर्धी भीती गायब होते. आज कुठल्याही गेममध्ये शत्रू जवळ आला की संगीत चढतं ते आपल्याला इतकं सवयीचं झालंय की कोणी तरी ते पहिल्यांदा केलं असेल हे लक्षातच येत नाही.

अजून एक गोष्ट जवळून बघण्यासारखी, त्या चार हिरव्या ढाली. आपण तोफ घेऊन त्यांच्यामागे लपतो, वरून गोळी पडली की तुकडा उडतो, हळूहळू भोकं पडतात. आजच्या हिशोबाने वाटेल की प्रत्येक ढालीची 'ताकद' कुठे तरी आकड्यात लिहिलेली असेल. तसं काही नाही. ढाल म्हणजे स्क्रीनच्या मेमरीत पेटलेले ठिपके, बस. गोळी पुढे सरकताना बघते की जिथे मी जाणार तिथे आधीच ठिपका पेटलेला आहे का, असेल तर काहीतरी लागलं, मग तिथे स्फोटाच्या आकाराचे ठिपके विझवायचे. ढाल मोडत नाही, पाटीवरची रांगोळी पुसावी तशी पुसली जाते. म्हणूनच आपणच आपल्या ढालीतून खालून वर बारीक भोक पाडून त्यातून नेम धरू शकतो, आणि एलियन चालत खाली आले की त्यांच्या अंगाने ढाली पुसल्या जातात. ८ किलोबाइटमध्ये जो संसार करायचा त्यात मेमरी आणि स्क्रीन ही दोन वेगळी खाती ठेवणं परवडत नाही.

आणि गोळी एका वेळी एकच. आपली आधीची गोळी लागेपर्यंत किंवा वर जाऊन विरेपर्यंत दुसरी सुटत नाही. किडेवाल्या गेममध्ये बटण दाबून धरायची सवय असलेल्याला हे जाचक वाटतं, पण त्यामुळे नेम चुकण्याला किंमत येते. लांबचा एलियन चुकला तर गोळी वर जाईपर्यंत तुम्ही हात बांधून उभे, आणि तेवढ्यात ते अजून एक पायरी खाली.

लोकांनी या गेमच्या आत किती डोकं घातलं बघा. वरून मधेच उडती तबकडी जाते, तिला मारलं की ५० ते ३०० पॉइंट, वाटतं नशिबाचा खेळ. पण नशीब वगैरे काढायला मशीनकडे कुठली ऐपत, त्याने आपल्या गोळ्याच मोजायला घेतल्या. मुलांनी खेळून खेळून शोधून काढलं की सुरुवातीपासून २३ वी गोळी तबकडीला लागली तर ३००, आणि त्यानंतर दर १५ व्या गोळीला ३००. मग काय, एका हाताने खेळायचं आणि तोंडाने मोजायचं. दुसरी युक्ती जपानमध्ये 'नागोया मारा' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध आहे. एलियनची गोळी त्याच्या थोडी खालून सुरू होते. तो अगदी शेवटच्या रांगेत, तुमच्या डोक्यावर आला की ती गोळी जिथून सुरू व्हायची ती जागा तुमच्या तोफेला लागण्याच्या रेषेपलीकडे जाते, म्हणजे तो गोळी झाडतोय पण तुम्हाला लागत नाही. मग मुद्दाम त्यांना तिथपर्यंत येऊ द्यायचं आणि निवांत एकेक टिपायचा. एक पायरी चुकली तर खेळ खलास, पण जमलं तर मागे उभे असलेले शिट्ट्या मारणार. आणि ज्यांनी हे सगळं बनवलं ते निशिकाडो स्वतः या खेळात कच्चे, तसं त्यांनीच मुलाखतींमध्ये कबूल केलंय.

त्याआधीच्या बऱ्याच गेमला वेळेची मर्यादा असायची, नाणं टाकलं की दीड-एक मिनिट मिळायचं आणि संपलं. इथे जोपर्यंत जिवंत आहात तोपर्यंत खेळा, आणि वर कायम दिसणारा हाय स्कोअर, कोणी तरी अनोळखी माणसाने सकाळी करून ठेवलेला. तो मोडल्याशिवाय घरी कसं जाणार? जपानमधल्या कॉफीच्या दुकानांत टेबलाच्या काचेखालीच मशीन असायचं, कप वर, एलियन खाली, आणि पुढे तर फक्त याच गेमची 'इन्व्हेडर हाउस' निघाली. लाखाच्या घरात मशीन लागली. एक गोष्ट हमखास सांगतात की लोकांनी एवढी नाणी टाकली की जपानमध्ये शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला. गोष्ट झकास आहे, पण टांकसाळीचे आकडे तिला साथ देत नाहीत, १९७८ आणि १९७९ मध्ये ती नाणी उलट १९७७ पेक्षा कमी पाडली गेली. दुसरी मात्र खरी आहे, १९८१ मध्ये ब्रिटनच्या संसदेत जॉर्ज फोल्क्स या खासदाराने स्पेस इन्व्हेडर्स आणि अशा इतर गेमवर नियंत्रण आणणारं विधेयक मांडलं होतं, पोरं शाळा बुडवतात, पैसे चोरतात म्हणून. ९४ विरुद्ध ११४ मतांनी पडलं, फार मोठ्या फरकाने नाही. आपल्याकडे पबजीच्या वेळी जी चर्चा झाली तिची ही पणजी.

पुढचा वंशवेल तर मोठाच आहे. १९८० मध्ये अटारीने हा गेम परवाना घेऊन घरच्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या मशीनवर, आणला, रिक मॉरर यांनी तो लिहिला, आणि लोकांनी या एका गेमसाठी अख्खं कन्सोल विकत घेतलं, कन्सोलची विक्री चौपट झाली. नामकोने १९७९ मध्ये गॅलेक्सियन काढला, त्यात रंग आले आणि एलियन रांग सोडून अंगावर झेपावायला लागले, १९८१ मध्ये त्याचा पुढचा गॅलागा. निन्टेन्डोनेही याच लाटेत रडार स्कोप नावाचा गेम काढून ३,००० मशीन अमेरिकेला पाठवली, त्यातली २,००० पडून राहिली. ती वाया जाऊ नयेत म्हणून शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण डिझायनरला सांगितलं की याच मशीनमध्ये बसेल असं काहीतरी दुसरं कर. त्याने केला डाँकी काँग, ज्यात तो उड्या मारणारा मिशीवाला पहिल्यांदा आला, ज्याला आपण त्याच ९९९९ इन वनमध्ये मारिओ म्हणून ओळखतो. म्हणजे स्पेस इन्व्हेडर्सची एक फसलेली नक्कल झाली नसती तर मारिओही झाला नसता. पुढे नोकिया ३३१० वर स्पेस इम्पॅक्ट आला, तो आडवा होता एवढंच, कॉलेजच्या शेवटच्या बाकावर आमच्या पिढीने त्याच्यावर किती लेक्चरं काढली ते आता नको.

चित्र म्हणूनही ते एलियन कुठे कुठे पोचलेत. इन्व्हेडर याच नावाने काम करणारा एक फ्रेंच कलाकार १९९८ पासून शहरांच्या भिंतींवर बारीक फरशांचे एलियन चिकटवत फिरतो, चौकोनी फरशी म्हणजे आयता ठिपका. पॅरिसमध्ये सुरुवात, नंतर जगभर, वाराणसीतही येऊन गेलाय. त्यातला एक २०१५ मध्ये खऱ्या अंतराळ स्थानकावरही होता. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या म्युझियमने २०१३ मध्ये हा गेम आपल्या संग्रहात घेतला. आणि तुमच्या फोनच्या इमोजीत तो जांभळा, हातवाला चौकोनी प्राणी आहे ना, तोही याच घराण्यातला.

सगळ्यात अलीकडचा किस्सा कॉम्प्युटरवाल्यांचा. २०१३ मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या लोकांनी एका प्रोग्रॅमला अटारीचे सात गेम नुसते स्क्रीन बघून शिकायला बसवलं, त्यात हाही होता. वेळ वाचावा म्हणून तो प्रोग्रॅम प्रत्येक चित्र न बघता दर चौथं बघायचा. बाकी सगळ्या गेममध्ये हे चाललं, इथे अडलं, कारण या गेममध्ये गोळ्या लुकलुकतात, आणि दर चौथ्या चित्रात त्या नेमक्या विझलेल्या असायच्या. शत्रू दिसतोय पण गोळीच दिसत नाही. शेवटी फक्त स्पेस इन्व्हेडर्ससाठी त्यांना चाराचे तीन करावे लागले.

भाच्याला फोन करून पंगतीचा हिशोब सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग विचारलं, "म्हणजे शेवटी दोन ठेवले तर वेग निम्मा राहतो ना? मग ते दोघं एका खाली एक असे ठेवायचे, शेवटचा नेम सोपा पडेल." दोघांतला एक मेला की दुसरा साठच्या वेगाने सुटणारच आहे, आणि गोळी एकच. पण हे मी त्याला सांगितलं नाही, रविवारी येतोय, बघू.